बांबालीच्या इमामांचा मुलगा

“मॅडम, फुटबॉलमध्येच नाव काढायचं असेल तर दहावी कशाला करायची?” नववीतल्या एका मुलाने मला विचारले. उत्तरादाखल मी त्याला सादिओ मानेची कहाणी सांगितली.

माने हा पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल देशाचा. जन्म १९९२चा, गाव बांबाली, वडील गावच्या मशिदीचे इमाम. पोराने चेंडूच्या मागे धावू नये, असे घरच्यांचे मत. माने लहान असतानाच वडील आजारी पडले. गावात इस्पितळ नव्हते. वडिलांचा इंतकाल झाला.

पंधराव्या वर्षी तो घरी न सांगता राजधानी डकारला पळाला. घरच्यांनी शोधून परत आणले. अखेर समझोता झाला : आणखी एक वर्ष शाळा, मग फुटबॉल. नंतर डकारमध्ये निवड चाचणीला तो फाटक्या बुटांनी उभा राहिला. आधी हसू झाले, मग निवड झाली.

२०११ मध्ये फ्रान्सचा मेट्स क्लब, पुढच्या वर्षी ऑस्ट्रियाचा साल्झबर्ग, २०१४ मध्ये इंग्लंडचा साउदॅम्प्टन. तिथे मे २०१५ मध्ये त्याने २ मिनिटे ५६ सेकंदांत तीन गोल केले. प्रीमियर लीगमधली ती सर्वांत जलद हॅट्ट्रिक. २०१६ पासून लिव्हरपूल. २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग आणि २०२० मध्ये प्रीमियर लीग जिंकली. पुढे जर्मनीचा बायर्न म्युनिक, मग सौदी अरबचा अल नस्र.

६ फेब्रुवारी २०२२. आफ्रिका चषकाचा अंतिम सामना, समोर इजिप्त. सुरुवातीलाच मानेची पेनल्टी अडवली गेली. दुसरा कुणी खचला असता. शेवटच्या निर्णायक पेनल्टीला तोच पुढे आला आणि सेनेगलने प्रथमच चषक जिंकला.

एवढी शोहरत मिळूनही २०१८ मध्ये लिव्हरपूलच्या मशिदीतले शौचालय धुताना तो लोकांना दिसला. त्याच्या कमाईतून बांबालीत आधी शाळा उभी राहिली, मग २०२१ मध्ये इस्पितळ. ज्या गावात वडिलांच्या आजारपणात इस्पितळ नव्हते, तिथे आज आजाऱ्यांना दारातच दवा मिळते. सदका-ए-जारिया याहून वेगळा काय असतो?

पालकांनो, मुलाचा शौक एकदम मोडून काढू नका. मानेच्या घरच्यांसारखी अट घाला. आणि मुलांनो, शाळा सोडून पळालेल्या त्या पोराने पैसा हाती आल्यावर गावात शाळा बांधली, एवढे ध्यानात ठेवा.

माझा विद्यार्थी गप्प झाला. दुसऱ्या दिवशी फुटबॉलबरोबर गणिताची वहीही घेऊन आला.