वाटी कोण हलवते?

२०१४ साली 'उईजा' नावाचा एक अमेरिकन भयपट आला. मेलेल्या मैत्रिणीशी बोलण्यासाठी काही मुले अक्षरे लिहिलेल्या पाटावरील सरकत्या फळीवर बोटे टेकवतात, अशी त्याची कथा. दचकवणारे प्रसंग पुष्कळ. पण फळी हलते कशाने, याचा छडा कोणी प्रयोगाने लावत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याची तेथेच निराशा होते.

आपल्याकडे याच खेळाला प्लँचेट म्हणतात. कागदावर अक्षरे लिहितात, पालथ्या वाटीवर बोटे ठेवतात. वाटी खरोखर सरकते, आणि बहुधा कोणी मुद्दाम ढकलतही नसते! मग?

१८५३ साली इंग्लंडात टेबले 'फिरवण्याचे' वेड पसरले होते. मायकेल फॅरडे यांनी, हातांचा जोर बाजूला पडताच कलणारा एक हलका काटा तयार केला. काटा झाकलेला असताना तो हलू लागे. माणसांना तो दिसू लागला की सारे थांबे. जोर हातांचाच होता, पण नकळत. मनात अपेक्षा असली की स्नायू किंचित हलतात.

मित्रांनो, तुम्हीही ताडून पाहा. रेवसच्या धक्क्यावर लाँचमधून किती उतारू उतरले, ते खेळाबाहेरच्या एकाने मोजून गुप्त ठेवावे. मग वाटीला विचारा. नंतर सर्वांचे डोळे बांधून, कागद फिरवून पुन्हा विचारा.

उद्या वाटीने 'नापास' अशी अक्षरे दाखवली, तरी घाबरू नका. ती भोवती बसलेल्यांच्याच मनातली भीती आहे. भविष्य वाटीला ठाऊक नसते.