फोन दुसऱ्याच्या हाती, जबाबदारी आपल्याच हाती

भुवया कोरणाऱ्या भगिनीकडे आपण कधी नीट पाहिले आहे काय? दोऱ्याचे एक टोक तिच्या दातांत असते, उरलेला दोरा दोन्ही हातांच्या बोटांत. तोंडही गुंतलेले, हातही गुंतलेले. नेमका त्याच वेळी मोबाइल वाजतो. उचलावा तर खुर्चीवरच्या बाईची भुवई बिघडणार. न उचलावा तर फोन करणारे गिऱ्हाईक पुढच्या गल्लीतल्या पार्लरमध्ये जाणार. एकट्या बाईने चालविलेल्या पार्लरची खरी अडचण ही अशी आहे.

कल्याणला आमच्या वस्तीत एक ताई गेली नऊ वर्षे ब्युटी पार्लर चालवितात. तळमजल्यावरची भाड्याची खोली, दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, वॅक्स तापविण्याचे भांडे आणि राबणारे हात दोनच. त्यांचे यजमान कंत्राटी कामगार. घरभाडे, किराणा आणि मुलांची फी यांचा निम्मा भार या दोन हातांवर आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि पेशाने कारकून असल्यामुळे वस्तीतील पुष्कळजण जमाखर्चाच्या वह्या घेऊन आमच्याकडे येतात. ताईही दरवर्षी मार्चअखेर येतात.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये त्या आल्या, तेव्हा मात्र हिशेबाची वही त्यांच्याजवळ नव्हती. सोबत दहावीत गेलेली मुलगी होती आणि मुलीच्या हातात बीजगणिताची वही. ताईंनी ती मागच्या बाजूने उघडून आमच्यापुढे ठेवली. शेवटच्या सात-आठ पानांवर समीकरणे नव्हतीच. ‘३ वाजता फेशियल’, ‘शनिवारी मेंदी, चारजणी’, ‘नंतर फोन करते म्हणाली’ अशा नोंदी होत्या. आईचे हात गुंतलेले असताना फोन घेण्याचे काम लेकीकडे आले होते. पोरगी अभ्यासात मागे पडत आहे, असे बाईंनी शाळेत बोलावून सांगितले होते.

“भाऊ, हिचं वर्ष वाया जायला नको आणि माझा धंदाही बुडायला नको. काय करू?” ताईंचा हा प्रश्न होता.

आधी नोंद, मग उपाय

कचेरीत आमचे निम्मे आयुष्य आवक-जावक नोंदवहीत गेले आहे. त्या सवयीने आम्ही ताईंना म्हटले, “एक आठवडा न उचललेला प्रत्येक फोन वेळेसह लिहून ठेवा. रात्री त्या सर्वांना उलट फोन करा आणि काय उत्तर मिळाले तेही लिहा.”

आठवडाअखेर वही आली. न उचललेले फोन ४१. त्यांपैकी २६ दुपारी ४ ते ७ या वेळेतले. म्हणजे मुलीची अभ्यासाची जी वेळ, तीच फोनची वेळ. रात्री उलट फोन केल्यावर १४ जणींनी सांगितले, “आमचं दुसरीकडे झालं.”

मग एका कागदावर दोन रकाने आखले. पहिल्या रकान्यात ताईंच्या हातांनीच होणारी कामे लिहिली : थ्रेडिंग, वॅक्सिंग, फेशियल, केस कापणे, नवरीचा मेकअप. दुसऱ्या रकान्यात पार्लरमध्ये हजर नसतानाही करता येतील अशी कामे : फोन व निरोप घेणे, वेळ देणे, आदल्या दिवशी आठवण करणे, रात्री ताईंनी सांगितलेला दिवसाचा गल्ला लिहून ठेवणे, वॅक्स, पट्ट्या, दोरा यांपैकी काय संपत आले त्याची यादी करणे, दिवाळीपूर्वी जुन्या गिऱ्हाइकांना कळविणे. दुसरा रकाना पहिल्यापेक्षा लांब निघाला. ताई कागद पाहून म्हणाल्या, “एवढं सगळं आम्ही मायलेकीच करत होतो?”

दूर बसून अशी कामे करून देणाऱ्या व्यक्तीला हल्ली ‘व्हर्च्युअल असिस्टंट’ म्हणतात. नाव भारदस्त असले तरी अर्थ सोपा आहे. डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर नंबर लावतो, तसेच हे काम. फक्त हा कंपाउंडर दुसऱ्या गावी बसलेला असतो. इंग्लंड-अमेरिकेतील लहान व्यावसायिक फिलिपाइन्समधल्या आणि आपल्याकडच्या मुलामुलींकडून असे काम करून घेतात. मग कल्याणच्या ताईंना बुलढाणा जिल्ह्यातली मुलगी का चालू नये?

मुलगी नात्यातलीच निघाली. ताईंच्या चुलतभावाची लेक, बी. ए. झालेली, बोलायला गोड, अक्षर स्वच्छ. मूल तान्हे असल्यामुळे नोकरीसाठी बाहेर पडणे शक्य नव्हते. दुपारी ४ ते ७ सासूबाई मूल सांभाळायला तयार झाल्या. पार्लरसाठी ताईंनी स्वतःच्या नावे वेगळा मोबाइल नंबर घेतला. तो उचलला गेला नाही तर फोन मुलीकडे वळेल, अशी सोय सेटिंगमध्ये करून घेतली. त्याच नंबरवर ‘व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस’ सुरू करून मुलीचा मोबाइल जोडला. वेळांचा तक्ता दोघींना आपापल्या मोबाइलवर दिसेल असा ठेवला.

पहिला महिना चुकांचा

सर्व सुरळीत झाले असे मात्र समजू नये. पहिल्याच शनिवारी पार्लरच्या दारात भांडण झाले. मुलीने एकीला ५ वाजता केसांना रंग लावण्याची आणि दुसरीला साडेपाचला फेशियलची वेळ दिली होती. रंग लावून, थांबून, धुऊन व्हायला दीड तास लागतो हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. चूक तिची नव्हे, आपली. मग ताईंनी कोणत्या कामाला किती वेळ आणि किती पैसे लागतात याचा तक्ता तिला सांगितला : भुवयांना १० मिनिटे, हातांच्या वॅक्सिंगला अर्धा तास, फेशियलला १ तास, रंगाला दीड तास, आणि दर दोन कामांच्या मध्ये खुर्ची व भांडी साफ करायला १० मिनिटे. त्यानंतर तसे भांडण झाले नाही.

दुसरी चूक याहून गंभीर होती. एका बाईने निरोप पाठविला, “मागच्या वेळी रंग लावल्यावर डोक्याला खाज सुटली होती. यंदा लावला तर चालेल ना?” मुलीने गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून चांगल्या मनाने उत्तर दिले, “काही होत नाही, या तुम्ही.” सुदैवाने रात्री ताईंनी निरोप वाचले आणि तात्काळ त्या बाईंना फोन करून थांबविले. केसांच्या रंगातील रसायनांची काहींना अ‍ॅलर्जी असते. एकदा खाज आली असेल तर पुढच्या वेळी चेहरा व डोळे सुजण्यापर्यंत मजल जाऊ शकते. अशा बाईला आधी त्वचेच्या डॉक्टरांकडेच पाठवावे. इतरांनाही रंगापूर्वी ४८ तास आधी थोडासा रंग त्वचेवर लावून पॅच टेस्ट करावी लागते.

त्या रात्री दोघींनी फोनवर एक यादी केली. खाज, पुरळ, भाजणे, गरोदरपण, चालू असलेले औषध आणि तक्रार यांपैकी एक शब्द जरी ऐकू आला तरी मुलीने एकच वाक्य बोलायचे, “ताई स्वतः तुमच्याशी बोलतील.” वेळ देणे सोपविता येते, समोरच्याच्या अंगाला काय चालेल हे ठरविणे सोपविता येत नाही.

किल्ली कोणाकडे?

आता पैशांचे. आम्ही पहिल्या दिवसापासून एका गोष्टीवर हटून बसलो होतो. बँकेशी जोडलेला नंबर वेगळा राहील; तो ताईंच्याच हाती, आणि त्यावरचे फोन कोठेही वळवायचे नाहीत. ओटीपी व यूपीआयचा पिन ना भाचीला, ना आम्हाला. यात अविश्वासाचा भाग नाही. उद्या काही गडबड झाली तर निरपराध मुलीवर संशय येऊ नये, यासाठीच ही काळजी.

तिसऱ्या महिन्यात तिचा उपयोग झाला. एकाचा फोन आला, “मी लष्करी छावणीतून बोलतोय. बहिणीचं लग्न आहे, सहा बायकांचा मेकअप करायचा आहे. अ‍ॅडव्हान्स पाठवतो. मी कोड पाठवलाय तो स्कॅन करा आणि पिन टाका.” मुलीपुढे नियमांचा कागद होता. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही, असे त्यावर लिहिलेले होते. ती म्हणाली, “पार्लरचा कोड मी पाठवते, त्यावर पैसे टाका.” पलीकडून फोन बंद झाला. असे प्रकार सर्वत्र चालू आहेत. कोणी फसलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

पैसे पाठविल्याचे चित्र कोणी मोबाइलवर धाडले तरी तेवढ्याने तारीख पक्की करू नये. ताईंनी खात्यात रक्कम पाहून तक्त्यावर खूण केली की मगच नवरीची तारीख पक्की होते. गिऱ्हाइकांचे नंबर हाही त्यांनी टाकलेला विश्वास आहे. ते कोणाला द्यायचे नाहीत, नवरीचा फोटो तिला विचारल्याशिवाय लावायचा नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली आपल्या देशात कायदाही झालेला आहे.

“घरी बसूनच तर करते!”

आता जे लिहावयाचे आहे त्यात आमचीही चूक आहे. सुरुवातीला मुलीचा मोबदला महिन्याला २,००० रुपये ठरला, तोही तोंडी. ताई म्हणाल्या, “घरी बसूनच तर करते, आणि नात्यातलीच आहे.” आम्ही मान डोलावली. कोणत्या तारखेला द्यायचे हेही ठरविले नाही. स्वतःचा पगार एक दिवस उशिरा झाला तर कचेरीत आवाज चढविणारे आम्ही, या मुलीच्या पगाराची तारीख विसरलो.

दुसऱ्या महिन्यात १२ तारीख उलटली तरी पैसे गेले नव्हते. १३ तारखेपासून मुलगी फोन घेईना. तीन दिवस पार्लरचा फोन वाजत राहिला, आणि लेकीच्या वहीची मागची पाने पुन्हा उघडली गेली. ताई रागावल्या. शेवटी सासूबाईंच्या फोनवरून मुलीचा पत्ता लागला. तिच्या मोबाइलचे रिचार्ज संपले होते आणि ते करायला तिच्याजवळ पैसे नव्हते. आत्याकडे मागायचे कसे, म्हणून गप्प राहिली होती.

त्या संध्याकाळी आम्ही पार्लरमध्ये बसून हिशेब मांडला. रोज ३ तास, महिन्याचे २६ दिवस, एकूण ७८ तास. २,००० रुपयांना भागल्यास तासाला जेमतेम २६ रुपये. ताई १० मिनिटांच्या भुवयांचे ५० रुपये घेतात. आम्ही विचारले, “ताई, ‘दोरा तर फिरवायचा, त्याला पन्नास रुपये?’ असं कोणी म्हटलं तर तुम्हाला काय वाटतं?” त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “रोज कोणीतरी म्हणतंच, भाऊ. आणि मीही तिला तेच म्हटलं.”

साध्या कागदावर करार लिहिला. मोबदला ५,५०० रुपये, म्हणजे तासाला ७० रुपये. रिचार्जचे ३०० वेगळे. दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत खात्यात. आठवड्याची सुट्टी पार्लरबरोबर. संध्याकाळी ७ नंतर ताईंनी फोन करायचा नाही. काम सोडायचे किंवा थांबवायचे असल्यास एक महिना आधी सांगायचे. दोघींनी सही केली, एकेक प्रत ठेवली.

हिशेब काय सांगतो?

वाचक विचारतील, एवढे देऊन उरते काय? खरे तेच सांगतो. आठवड्याला निसटणाऱ्या १४ पैकी निम्म्याच, म्हणजे ७ बाया टिकल्या असे धरू. प्रत्येकीचे सरासरी ३०० रुपये. आठवड्याचे २,१००, चार आठवड्यांचे ८,४००. त्यातून सामानाचा चौथा हिस्सा वजा जाता ६,३००. मुलीचे ५,८०० दिल्यावर उरले ५०० रुपये. लग्नसराईत एखादी नवरी वाढली तर त्या महिन्यात अधिक. कोणी लखपती होण्याची स्वप्ने दाखवीत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. ज्या पार्लरमध्ये दिवसाला चार-पाचच गिऱ्हाइके येतात, तेथे हा खर्च करूच नये. आधी न उचललेल्या फोनची वही ठेवावी. वहीत फोन कमी निघाले तर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये आपोआप जाणारा निरोप लिहून ठेवला तरी पुरे.

पण ज्या घरात धंद्याचे फोन एखादी मुलगी घेत आहे, तेथील भगिनींनी आणखी एक रकाना आखावा. आतापर्यंत ते काम फुकट होत आहे असे आपण समजत होतो. ते फुकट नसते. त्याची किंमत आपली लेक अभ्यासाच्या तासांनी भरीत असते, आणि ती कोणत्याही जमाखर्चाच्या वहीत दिसत नाही. आपल्या घरातील ते ओझे उतरवून दुसऱ्याच्या लेकीवर कमी दामात टाकणे हाही उपाय नव्हे. कामाची नीट वाटणी करावी, ती लिहून ठेवावी, दाम तारखेला द्यावा, आणि पैशांची व गिऱ्हाइकाच्या अंगाची जबाबदारी स्वतःकडे ठेवावी.

दहावीच्या परीक्षेच्या आधी ताईंची मुलगी गणितातील एक अडचण घेऊन आमच्याकडे आली होती. उदाहरण सोडवून झाल्यावर आम्ही सहज वही उलटून मागची पाने पाहिली. शेवटच्या पानापर्यंत गणितेच होती.