फामागुस्ता : पस्तिसाव्या हिश्शात

दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या मुलांना प्रमाणाची फिकीर नसते. सिंहासनावरचे महाराज बुरुजाहून उंच असतात, मावळ्याला स्वतःच्याच गडाच्या दरवाजातून आत जाता येत नाही, आणि पायथ्याच्या हाळिवाच्या शेतात उभा असलेला वाघ शेजारच्या घोड्याला सहज गिळील एवढा असतो. यात कोणाला काही खटकत नाही, आणि खटकूही नये. तो किल्ला मनातला असतो. पण याच खेळाचा एक हट्टी प्रकार आहे. त्यात वस्तू जशी होती तशीच, फक्त लहान, करावयाची असते. हा नाद मला लागला त्याला बरीच वर्षे झाली. त्यातल्याच एका रणगाड्याची ही हकिगत.

कोणता रणगाडा?

'एक रणगाडा केला' असे म्हणून या छंदात भागत नाही. कोणता, कोणत्या पलटणीचा, कोणत्या दिवशीचा, हे आधी ठरवावे लागते. मी निवडला तो 'फामागुस्ता'. सायप्रस बेटावरील एका बंदराचे हे नाव पूना हॉर्स रेजिमेंटच्या एका सेंच्युरियन रणगाड्याने धारण केले होते. १६ डिसेंबर १९७१ रोजी, शकरगढ भागातील बसंतर नदीच्या लढाईत, तो सेकंड लेफ्टनंट अरुण क्षेत्रपाल यांच्या हुकमतीखाली होता.

क्षेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा, शिक्षण खडकवासल्याच्या प्रबोधिनीत. त्याच वर्षी जूनमध्ये ते सैन्यात अधिकारी झाले होते. युद्धाचे ढग जमले तेव्हा ते अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, तरुण अधिकाऱ्यांचा अभ्यासक्रम करीत होते. तेथून ते रेजिमेंटमध्ये रुजू झाले. वय अवघे एकवीस. नदीपलीकडील सुरुंग पुरते काढून होण्याआधीच पूना हॉर्सचे रणगाडे पुढे गेले, आणि समोरून पॅटन आले. गौरवपत्रात नोंद आहे की त्या झुंजीत शत्रूचे दहा रणगाडे नष्ट झाले, त्यांपैकी चार एकट्या क्षेत्रपालांनी टिपले. स्वतःचा रणगाडा पेटला तेव्हा त्यांना बाहेर पडण्याचा हुकूम झाला. तोफ अजून चालते आहे, एवढ्या कारणासाठी त्यांनी तो मानला नाही. पुढच्या माऱ्यात ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले, आणि फामागुस्ता आज अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे.

पस्तीसच का?

रणगाड्यांच्या नमुन्यांत पस्तिसास एक हे प्रमाण जगभर रूढ आहे. त्याचे मूळ मोठे गमतीचे आहे. जपानातील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभी मोटरीवर चालणारा एक जर्मन पँथर रणगाडा बाजारात आणला. पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून त्याचा आकार ठरविला गेला. मागाहून हिशेब केला तेव्हा तो खऱ्याच्या सुमारे पस्तिसावा भाग निघाला. त्या बॅटऱ्यांच्या मापात आज आम्ही इतिहास मोजतो!

आता आकडे पाहा. खरा सेंच्युरियन तोफेसह सुमारे ९.८ मीटर लांब आणि ३.४ मीटर रुंद. पस्तिसाने भागले की लांबी २८ सेंटिमीटर आणि रुंदी जेमतेम १० सेंटिमीटर येते. त्याच्या ८४ मिलिमीटर तोफेचे तोंड २.४ मिलिमीटरचे होते, आणि उभा जवान पाच सेंटिमीटरचा. वजनाचा हिशेब मात्र निराळा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही पस्तीस पटींनी घटतात, म्हणून वजन जवळजवळ ४३ हजार पटींनी घटते. खऱ्याचे वजन ५१ टनांच्या आसपास. नमुना त्याच पोलादाचा असता तर सव्वा किलोच्या आत-बाहेर भरला असता. आमचा प्लास्टिकचा असल्याने त्याहूनही पुष्कळ हलका. म्हणजे भार नजरेला भासवावा लागतो. पट्टे जमिनीला घट्ट टेकलेले हवेत, चाके त्या मातीत किंचित रुतलेली हवीत. एक चाक जरी अधांतरी राहिले तरी पन्नास टनांचा रणगाडा क्षणात खेळणे होतो.

जुळणी

खोक्यातून प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले शेकडो तुकडे निघतात. ते कटरने सोडवावयाचे, कडा पॉलिश पेपरने घासावयाच्या, चिमट्याने उचलून जागी बसवावयाचे. सेंच्युरियनला प्रत्येक बाजूस सहा चाकांच्या जोड्या. ती दोन-दोनच्या तीन गटांत टांगलेली असतात. खोक्यावर 'सेंच्युरियन' लिहिले आहे यावर विसंबून चालत नाही, कारण या रणगाड्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. काहींच्या तोफेच्या नळीवर धूर बाहेर काढणारा फुगवटा आहे, काहींच्या नाही. खोक्यातला कागद आणि जुने छायाचित्र यांचे पटले नाही, तर छायाचित्राचे ऐकावे.

बाकी साहित्य घरातलेच. ओढण्याचा दोर विजेच्या वायरमधल्या तांब्याच्या बारीक तारा पिळून होतो. गुंडाळलेली ताडपत्री पातळ कागद गोंदाच्या पाण्यात भिजवून. आणि माझा नियम असा, की ज्याला पुरावा नाही ती वस्तू शोभेसाठी लावायची नाही. एखादा डबा कमी असला तरी चालेल.

रंग आणि धूळ

रंगाचे काम जुळणीहून अवघड. प्रथम करड्या अस्तराचा हात, मग हिरव्याचे दोन-तीन पातळ हात. जाड रंग घातक. नमुन्यावरचा दशांश मिलिमीटरचा थर म्हणजे खऱ्यावर साडेतीन मिलिमीटरचे लिंपण. शिवाय हिरवा थोडा फिका करून लावावा लागतो. मोठी वस्तू आपण दुरून पाहतो, आणि मधली हवा तिचा रंग उतरविते. लहान वस्तूवर तोच रंग उगाच गडद वाटतो. नंतर अगदी पातळ काळपट रंग सांध्यांत सोडावयाचा, आणि जवळजवळ कोरडा ब्रश कडांवरून फिरवावयाचा, म्हणजे उंचसखलपणा उठून दिसतो.

शेवटी धूळ. जतन केलेल्या रणगाड्याचा रंग हा आदराने पुन्हा पुन्हा दिलेला रंग असतो. लढाईच्या सकाळचा रंग तो नव्हे. तो रणगाडा नदीचे ओले पात्र ओलांडून आलेला होता. खालच्या अंगाला चिखल हवा, वर धूळ. येथेही प्रमाण सुटत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा रांगोळीचा कण पस्तीस पटींनी पावणेदोन सेंटिमीटरचा खडा होतो! म्हणून खडूची वस्त्रगाळ भुकटी वापरावयाची. माझा हा उद्योग पाहून सौ. म्हणाली, "अहो, दिवाळीला सगळं जग आपली गाडी धुऊन पुसून ठेवतं, आणि तुम्ही तुमची चार दिवस बसून मळवताय!"

कोणती घटका?

सर्वांत कठीण प्रश्न मात्र ब्रशाचा नव्हता. रणगाडा कोणत्या घटकेचा दाखवावा? पेटलेला दाखविणे सोपे आहे. काजळी, तांबडा रंग, कापसाचा धूर. पाहणारे वाहवा करतात. पण त्या पत्र्याच्या आत चार माणसे होती. क्षेत्रपालांबरोबर बिनतारी यंत्र सांभाळणारे नंदसिंगही तेथेच कामी आले. ती आग शोभेची वस्तू करणे माझ्या हातून झाले नसते. म्हणून मी तो नदी ओलांडून आलेला, मळलेला पण धडधाकट, तोफ समोर रोखलेला असा केला.

आणि बुरुजावरचे झाकण मिटलेले ठेवले. खोक्यात अधिकाऱ्याचा पुतळा होता. पण साडेसहा मिलिमीटरच्या डोक्यावर मी जो चेहरा रंगविला असता तो कोणाचाही झाला असता, क्षेत्रपालांचा नव्हे. बाकी सारे मापाने करता येते, एवढे येत नाही.

गेल्या महिन्यात भाचा आला होता. त्याने पहिला प्रश्न विचारला, "मामा, हा चालतो का?" नाही म्हटल्यावर तो जरा हिरमुसला. मग वाकून, डोळा अगदी पट्ट्यांच्या पातळीवर आणून, बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "मग आत कोण होतं?"

तळपट्टीवर नावे आहेत. ती मी त्यालाच वाचावयास लावली : अरुण क्षेत्रपाल, प्रयागसिंग, नथुसिंग, नंदसिंग.