ब्रेक ऑइलची घटलेली पातळी

मोटार आता आपल्याकडे अनेक घरांत आली आहे. आठवडाभर तिने दुकानाचा माल वाहावा आणि सुटीच्या दिवशी साऱ्या कुटुंबाला घेऊन निघावे, असा तिचा राबता. तिची किरकोळ देखभाल घरीच करण्याची सवय आपल्यापैकी पुष्कळांना आहे. मलाही होती, आणि ब्रेकच्या बाबतीत तीच एकदा अंगाशी आली.

आम्ही कराडहून चिपळूणकडे कुंभार्ली घाट उतरत होतो. गाडीत आई, पत्नी, मुले आणि मागे सामान. काही वळणे झाल्यावर ब्रेकचे पेडल मऊ लागू लागले आणि पुढच्या वळणावर ते जवळजवळ तळाला टेकले. दुसरा गिअर टाकला, खटका दाबून धरून हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी कडेला लावली. अर्ध्या तासाने पेडल पूर्ववत घट्ट! त्यामुळे अधिकच भय वाटले.

दोष माझाच होता. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंश धरली आहे. उतारावर ब्रेक सतत दाबला की ऑइल तापते, त्यात वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पाय खाली जातो आणि चाकाला जोर पोहोचत नाही. निवल्यावर वाफ विरते आणि काही घडलेच नाही असे वाटते.

ऑइल मी कधी बदललेच नव्हते. पातळी खाली दिसली की दुकानाच्या कपाटातील उघड्या डब्यातून भर घालीत असे. पुढच्या चाकांचे पॅड झिजतात तसतसे पिस्टन बाहेर सरकतात, त्यांच्यामागची जागा ऑइल भरून काढते आणि वरच्या टाकीत पातळी उतरते. म्हणजे ही घट पॅडच्या झिजेचीच नोंद असते आणि मी ती पुसून टाकीत होतो. शिवाय नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की वरून घातलेले जास्तीचे ऑइल उतू जाते आणि गाडीचा रंग उडवते. पातळी झपाट्याने उतरत असेल तर मात्र गळती समजावी आणि गाडी बाहेर काढू नये.

म्हणून भर घालण्याआधी पॅड पाहावेत. गाडी सपाट जागी गिअरमध्ये ठेवावी, हँडब्रेक ओढावा, दुसऱ्या चाकांना ठोकळे लावावेत. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच सैल करावेत. जॅकच्या भरवशावर कधीही राहू नये, खाली स्टँड हवाच. पॅडचा थर तीन मिलिमीटरच्या आसपास आला की बदलण्याची वेळ झाली. तेथील धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

हँडब्रेकचेही तसेच. दांडा फार वर येऊ लागला की केबलचा नट आवळण्याचा मोह होतो, आणि ते काम सोपेही आहे. परंतु बहुतेक लहान गाड्यांत मागे ड्रम असतात आणि आतले लायनर झिजल्यामुळेही दांडा वर येतो. आधी ते तपासून मगच केबल आवळावी. त्यानंतर हँडब्रेक सोडून मागचे चाक उचलून हाताने फिरवून पाहावे. ते मोकळे फिरले नाही तर लायनर घासत राहील आणि ड्रम तापेल.

सिलिंडर, नळ्या आणि एअर काढण्याचे काम मी गॅरेजवर सोपवतो. ऑइल दर दोन वर्षांनी बदलून घेतो. पुस्तिकेत कमी मुदत दिली असेल तर ती पाळावी. कपाटातला तो अर्धा डबा टाकवत नव्हता, पण अखेर गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात रिकामा केला.