जेवणावळीनंतरचें दुखणें

पंगत हा आपल्याकडे आनंदाचा आणि श्रद्धेचा विषय. परंतु कधीं कधीं ह्याच पंगतींतून घरोघर दुखणें जातें. मे २०२२ मध्यें लातूर जिल्ह्याच्या निलंगा तालुक्यांत लग्नाचें जेवण जेवलेल्या तीनशेंहून अधिक मंडळींना विषबाधा झाली. फेब्रुवारी २०२४ मध्यें नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यांत, कोष्टवाडी येथें, महाप्रसादानंतर सुमारें दोन हजार लोक आजारी पडले. अशा रात्रीं घरांतील एखादें वडील माणूस हटकून सांगतें : पोटाला विश्रांति द्या, पाणी देऊं नका, दिलें तर जुलाब वाढतील. हा सल्ला प्रेमाचा खरा, पण घातक आहे. तो घातक कां, हें कलकत्त्याच्या एका डॉक्टरांच्या संशोधनावरून नीट समजतें.

त्यांचें नांव डॉ. शंभुनाथ डे. जन्म १९१५ सालचा, हुगळी जिल्ह्यांतला. पटकीचा जंतु रॉबर्ट कॉख ह्यांनीं १८८४ सालीं कलकत्त्यांतच ओळखला होता. पण तो माणसाच्या पोटांत नेमकें काय करतो, हें कोडें पुढें कित्येक वर्षें सुटलें नाहीं. डे ह्यांनीं सशाच्या लहान आंतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनीं दोऱ्यानें बांधला व त्यांत जंतु सोडले. दुसऱ्या दिवशीं पाहतात तों तो भाग द्रवानें टम्म फुगलेला! हा प्रयोग १९५३ सालीं प्रसिद्ध झाला. १९५६ मध्यें त्यांनीं हीच कसोटी जुलाबाच्या रोग्यांत सांपडणाऱ्या दुसऱ्या जातीच्या जंतूंना लावली. १९५९ मध्यें त्यांनीं पटकीचे जंतु ज्या द्रवांत वाढविले, तो गाळून जंतु वेगळे काढले आणि उरलेला निर्जंतुक द्रवच आंतड्यांत सोडला. आंतडें तरीही फुगलें. म्हणजे जंतु एक विष बाहेर टाकतो, आणि तें विषच शरीरांतील पाणी व क्षार आंतड्यांत ओढून आणतें.

येथें आपल्या घरगुती समजुतीला उत्तर मिळतें. रोगी दगावतो तो बहुधा शरीर कोरडें पडल्यामुळें. आणि विहीर आटत असतां तिचे झरे बुजविणें हा कांहीं उपाय नव्हे. शिवाय ह्या विषानें आंतड्याची शोषणशक्ति सर्वस्वीं नष्ट होत नाहीं. साखर आणि मीठ एकत्र दिलें, तर साखर मिठाला आंत घेऊन जाते व त्यांच्यामागून पाणी जातें. १९७१ सालीं बांगलादेशच्या युद्धांत बनगाव येथील निर्वासितांत पटकीची सांथ उसळली. शिरेंतून द्यावयाचें सलाईन संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महलनबीस ह्यांनीं साखर-मिठाचें पाणी पिंपांत कालवून रोग्यांना नातेवाइकांच्या हातून पाजविलें. शेंकडा तीसच्या आसपास असलेलें मृत्यूचें प्रमाण चारांच्याही खालीं आलें.

पंगतींतील प्रत्येक विषबाधा पटकी नव्हे. पण जुलाबांवरचा पहिला उपचार हाच. औषधाच्या दुकानांतील पुडी मिळाली तर उत्तम. न मिळाल्यास एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावें. मीठ अधिक घालूं नये. उलटी झाली तरी दहा मिनिटें थांबून पुन्हां घोट-घोट पाजावें. तान्ह्या मुलाचें अंगावरचें दूध तोडूं नये. ग्लानि आली, लघवी बंद झाली, जुलाबांत रक्त दिसलें किंवा पाणी पोटांत ठरेना, तर विलंब न करितां दवाखाना गांठावा.

आतां मुदपाकखान्याविषयीं एक शब्द. सकाळीं शिजविलेलें अन्न मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत सायंकाळपर्यंत पातेल्यांत कोमट राहिलें, कीं जंतूंना तीच सुगी. कांहीं जंतूंचें विष अन्न पुन्हां उकळल्यानेंही नाहींसें होत नाहीं. म्हणून वाढपाच्या वेळेच्या बेतानेंच रांधावें, वाढणाऱ्यांनीं हात साबणानें धुवावे आणि पिण्याचें पाणी शुद्ध केलेलें असावें.

डे १९८५ सालीं वारले. त्यांच्या प्रयोगाचा अर्थ आपल्या स्वयंपाकघरांत यावयास मोठीं यंत्रें लागत नाहींत. पाणी, साखर, मीठ एवढेंच लागतें. पुढच्या वेळीं कोणी "पाणी देऊं नका" म्हणालें, तर त्यांना नम्रपणें पण ठामपणें सांगा : पाणीच द्यावयाचें आहे.