पॉवर स्टिअरिंगमधील दोषनिदान

पॉवर स्टिअरिंगमधील दोषनिदान म्हणजे वाहनाचे स्टिअरिंग जड होणे, वळवताना आवाज येणे किंवा वळणानंतर ते आपोआप सरळ न होणे अशा लक्षणांवरून बिघडलेला भाग शोधण्याची पद्धत होय. या यंत्रणेचे साहाय्य कमी वेगात सर्वाधिक लागते. त्यामुळे हिंजवडीतील राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या रस्त्यांवर, जिथे कार्यालयीन वेळेत वाहने मुंगीच्या पावलांनी सरकतात, तिथे दोष चटकन जाणवतो. तेच वाहन द्रुतगती मार्गावर हलके वाटते आणि दुरुस्ती लांबणीवर पडते.

प्रकार

१९५१ साली अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने इम्पीरियल या मोटारीत हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग प्रथम विक्रीस आणले. त्यात इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा पंप तेलाला दाब देतो. ट्रक व बस यांत ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. पुणे जिल्ह्यातील वढू बुद्रुक येथे अशा स्टिअरिंग गिअरचे उत्पादन होत आले आहे. अलीकडच्या बहुतेक मोटारींत मात्र विद्युत मोटर असते. तीत ना पंप, ना तेल. म्हणून वाहनात कोणता प्रकार आहे, हे आधी पाहावे लागते.

प्राथमिक तपासणी

जड स्टिअरिंगचे कारण पुष्कळदा पॉवर स्टिअरिंग नसतेच. पुढच्या टायरांत हवा कमी असली तरी हेच लक्षण दिसते, म्हणून हवेचा दाब प्रथम तपासतात. त्यानंतर पुढची चाके जॅकवर उचलून, खाली भक्कम आधार देऊन, इंजिन बंद असताना स्टिअरिंग फिरवतात. तरीही ते अडखळले, तर दोष बहुधा बॉल जॉइंट, स्टिअरिंग कॉलमचा सांधा किंवा सस्पेन्शनचे वरचे बेअरिंग अशा यांत्रिक भागांत असतो. वळणानंतर चाक सरळ न येण्यामागेही बहुधा हेच भाग असतात. ही साधी चाचणी टाळून थेट पंप बदलणे हा सर्वांत महाग पडणारा प्रमाद होय.

हायड्रॉलिक यंत्रणेतील लक्षणे

येथे लक्षण केव्हा दिसते याला महत्त्व आहे. वळवताना घुरघुर ऐकू आली आणि टाकीतील तेलावर फेस दिसला, तर तेल कमी आहे किंवा पंपाकडे जाणाऱ्या नळीतून हवा शिरत आहे. सकाळी इंजिन सुरू करताच किंवा स्टिअरिंग टोकापर्यंत वळवल्यावर येणारी किंकाळी सैल पट्ट्याची असते. इंजिन मंद चालताना जड असलेले स्टिअरिंग ॲक्सिलरेटर दाबताच हलके होत असेल, तर पंप झिजलेला किंवा पट्टा घसरत असतो. केवळ एकाच बाजूस जड वाटल्यास व्हॉल्व्ह किंवा रॅकमधील सील यांचा संशय येतो. गळती जमिनीवर दिसेलच असे नाही. सील फाटल्यावर तेल रॅकच्या टोकांवरील रबरी आवरणांत साठते. तेल उत्पादकाने सांगितलेलेच घालावे लागते. ब्रेकचे तेल घातल्यास सील फुगून निकामी होतात.

विद्युत यंत्रणा

येथे तपासणी बॅटरीपासून सुरू होते, कारण व्होल्टेज घसरल्यास नियंत्रक साहाय्य कमी करतो किंवा बंद करतो व दिवा लागतो. अरुंद जागेत उभे वाहन वारंवार वळवल्यास मोटर तापते आणि स्टिअरिंग काही काळ जड होते. थंड झाल्यावर ते पूर्ववत झाले, तर तो बिघड नव्हे. टॉर्क सेन्सरचा दोष स्कॅनरने वाचलेल्या संकेतांकावरून कळतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून वाहन गेले असल्यास जोडण्यांतील गंजही तपासतात.

सुरक्षितता

साहाय्य बंद पडले तरी स्टिअरिंग व चाके यांची यांत्रिक जोडणी सामान्यतः कायम राहते. वाहन वळते, पण बरेच बळ लावावे लागते. स्टिअरिंगला आलेली ढिलाई अधिक घातक असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार स्टिअरिंग चाकाची मोकळी हालचाल ३० अंशांहून अधिक असता कामा नये.