थांबलेला पैसा आणि बुडालेला पैसा : घोडबंदर रोडवरून महासाथीकडे बघताना

महासाथीने अर्थव्यवस्थेचं काय केलं, हा आजचा विषय. देशाचे आकडे आपण बघणारच आहोत, पण नुसत्या आकड्यांनी डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. म्हणून ते आपण घोडबंदर रोडवर मांडून बघू. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा, गायमुख. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा हा रोजचा रस्ता आहे.

या रस्त्याला रेल्वे स्टेशन नाही. इथली ये-जा ठाणे स्टेशनाला टांगलेली. २२ मार्च २०२० च्या रात्रीपासून लोकल थांबली, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. १५ जूनला लोकल सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. सर्वांसाठी, तीही ठरावीक वेळेत, १ फेब्रुवारी २०२१ ला. म्हणजे जवळजवळ दहा महिने स्टेशनवर नेऊन सोडणाऱ्या रिक्षाला फारसं गिऱ्हाईक नव्हतं. पुढे रिक्षा सुरू झाल्या तेव्हा दोनच प्रवाशांची परवानगी होती. शेअर रिक्षात तिसरा प्रवासी म्हणजे चालकाचा नफा असतो, हे लक्षात घ्या.

आता कामाकडे येऊ. काम कुठून करता येतं, यावरून इथे सरळ दोन भाग पडले. हिरानंदानी इस्टेटमध्ये टीसीएसचं मोठं कार्यालय आहे. तिथलं काम लॅपटॉपसोबत घरी गेलं. एप्रिल २०२० मध्ये कंपनीने तर जाहीर केलं की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्केच कर्मचारी कार्यालयात लागतील. तसं झालं नाही, २०२३ मध्ये सगळ्यांना परत बोलावलं गेलं, तो भाग वेगळा. मुद्दा असा, की या लोकांचा पगार बव्हंशी चालू राहिला.

पण त्याच कार्यालयाबाहेरचा चहावाला, वडापावची गाडी, सोसायटीत घरकाम करणाऱ्या मावशी, टॉवरच्या बांधकामावरचे मजूर, यांचं काम घरी नेता येत नाही. शहरी बेरोजगारीचा दर जानेवारी ते मार्च २०२० मध्ये सुमारे ९ टक्के होता. पुढच्या तिमाहीत तो सुमारे २१ टक्क्यांवर गेला, असं सरकारी पाहणी सांगते. यातले किती तरी जण मुंबई-नाशिक महामार्गाने चालत निघाले. कसारा घाटाकडे जाणारी माणसं ठाणेकरांनी पाहिली आहेत.

बरं, खर्चाचं काय झालं? इथे एक फरक नीट समजून घेऊ. काही खर्च थांबतो, काही बुडतो. फ्लॅट घ्यायचा होता, तो एप्रिलमध्ये घेतला नाही, दिवाळीत घेतला. हा थांबलेला पैसा. पण एप्रिलमध्ये न प्यायलेले चहा आपण दिवाळीत एकदम पीत नाही. न केलेली रिक्षाची फेरी कोणी नंतर करत नाही. हा बुडालेला पैसा, आणि तो प्रामुख्याने छोट्या कमाईवाल्यांचा असतो.

सरकारी उपायांचा जोर बघा. रिझर्व्ह बँकेने मे २०२० मध्ये रेपो दर ४ टक्क्यांवर आणला, कर्जाचे हप्ते ऑगस्टपर्यंत पुढे ढकलायची मुभा मिळाली. राज्य सरकारने १ सप्टेंबरपासून मुद्रांक शुल्क डिसेंबरअखेर ३ टक्क्यांनी आणि पुढे मार्चअखेर २ टक्क्यांनी कमी केलं. ५० लाखांच्या घरावर ३ टक्के म्हणजे दीड लाख रुपये वाचले. ज्यांचा पगार चालू होता आणि बाहेरचा खर्च बंद होता, त्यांच्याकडे बचत साठली होतीच. घरून काम करायला आणखी एक खोली हवी होती. खरेदीला जोर आला. घोडबंदरसारख्या नव्या इमारतींच्या पट्ट्याला याचा फायदा झाला. थांबलेला पैसा असा मोकळा झाला. बुडालेल्या पैशासाठी मात्र असा दर कमी करून काही होत नाही. तिथे रोख रक्कमच हातात द्यावी लागते.

तशी मदत आली का? आली. जून २०२० मध्ये पंतप्रधान स्वनिधी योजना आली, फेरीवाल्यांना दहा हजारांपर्यंत. पण ते कर्ज होतं. एप्रिल २०२१ मध्ये राज्याने रिक्षाचालक, फेरीवाले, घरकामगार, बांधकाम कामगार यांना प्रत्येकी दीड हजार जाहीर केले. त्यात अट एकच शब्दाची : ‘नोंदणीकृत’. भाड्याने रिक्षा चालवणाऱ्याच्या नावावर परमिट नसतं. चार घरची कामं करणाऱ्या मावशींची नोंद अनेकदा कुठेच नसते.

आता वाढीचा आकडा. एप्रिल ते जून २०२० मध्ये देशाचं उत्पादन २३.९ टक्क्यांनी घसरलं, असा पहिला अंदाज होता. बांधकाम तर निम्म्यावर आलं. शेती तेवढी ३.४ टक्क्यांनी वाढली. वर्षभराने त्याच तिमाहीत वाढ जाहीर झाली २०.१ टक्के. ऐकायला वाटतं, जवळपास भरून आलं. हिशोब करून बघा. १०० चे झाले ७६. ७६ वर २० टक्के म्हणजे सुमारे १५. बेरीज ९१. म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या मागेच. पडझडीनंतरची टक्केवारी वाचताना ती कशावर मोजली आहे, हे आधी विचारायचं.

ग्राहकाच्या सवयी मात्र बदलल्या त्या बदलल्याच. यूपीआयचे व्यवहार एप्रिल २०२० मध्ये १०० कोटींच्या आसपास होते, ऑक्टोबरात २०० कोटींच्या वर गेले. भाजीच्या गाडीवर क्यूआर कोड आला. किराणा घरपोच येऊ लागला. यात सोय आहे, पण रस्त्यावरून जाता-जाता होणारी खरेदी कमी झाली, आणि नाक्यावरचा गाडीवाला त्याच खरेदीवर जगतो.

एकाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई असते, हे आपण नेहमी म्हणतो. महासाथीने दाखवलं की ही साखळी तुटते तेव्हा तिच्या शेवटच्या कडीचं नावही यादीत नसतं. पुढची साथ येईल तेव्हा लस लवकर मिळेल कदाचित. पण मदत पोचवायची यादी साथ आल्यावर करता येत नाही, ती आजच करावी लागते. आपल्या सोसायटीत काम करणाऱ्या मावशींची घरकामगार म्हणून नोंदणी झाली आहे का, एवढं उद्या विचारून बघा. आता प्रश्न असतील तर घेऊ या.